पाटीला कायदा, ओट्याला कोण?

सीमाभागातल्या माणसाला दुकानाची पाटी कशी वाचावी हे शिकवावे लागत नाही. कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणाचे अक्षर ठसठशीत आणि कोणाचे दबकलेले, हे आमच्याकडचे शाळकरी पोरही लांबून सांगते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून आमच्या तीन पिढ्यांची मान पाटीकडे वर होऊन राहिली आहे. त्या प्रश्नाचे मोल मी जाणतो. त्यासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण या दिवाळीत वाचकांकडे माझे एक मागणे आहे. घटकाभर मान खाली करा आणि पाटीच्या खाली काय उरले आहे ते पाहा.

पाटीच्या खाली शटर आहे. शटरपुढे सिमेंटचा उतार आहे. उतारावर दोन मोटारसायकली आडव्या लावल्या आहेत. त्यांच्यापुढे गटार, आणि गटारापुढे थेट डांबर. त्या डांबरावरून उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला आहे, आणि ट्रॉली व मोटारसायकल यांच्यामधल्या हातभर फटीतून एक म्हातारी औषधाची पिशवी छातीशी धरून अंग चोरत निघाली आहे. तिला कन्नड येते की मराठी, याने त्या फटीची रुंदी बोटभरही वाढत नाही.

हे चित्र मी माझ्या सदलग्याचे काढले. पण निपाणीच्या किंवा चिकोडीच्या वाचकाला ते आपल्याच गावचे वाटेल. दूधगंगा ओलांडून शिरोळ तालुक्यात गेले, तरी चित्र तेच, फक्त पाटीवरची लिपी बदलते. मग ही आपत्ती आली कुठून? लोक म्हणतात, गाडया वाढल्या. गाड्या वाढल्या हे खरेच. पण गाड्यांनी घरांची तोंडे फोडली नाहीत. ती आपण फोडली, आणि सरकारी नियमाच्या आधाराने फोडली. माझे भांडण त्या नियमाशी आहे, आणि त्याच्यापुढे निमूट मान तुकवणाऱ्या आपल्याशीही आहे.

आधी काय होते ते तरुण वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागातले जुने घर रस्त्याला चिकटून असे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना लागलेल्या, पुढे मंगलोरी कौलांची उतरती पडवी, तिला लाकडी खांब, आणि खांबांच्या पायाशी दगडी ओटा. आत गेले की सोपा. मराठी घरात ज्याला ओटा म्हणत, त्याला शेजारच्या कन्नड घरात जगली म्हणत. आमचा कट्टा त्यांच्याकडे कट्टे होतो. भाषेवरून पुढे जे काही झाले असेल ते असो, हा शब्द दोघांनी मुकाट्याने वाटून घेतला आहे.

हा ओटा केवळ शोभेचा नव्हता. निपाणीत विडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊन ओट्यावर विड्या वळत, कारण आत उजेड नसे आणि एकटीला काम रेटत नसे. शाळेतून येणारी पोरे पावसाची सर आली की कोणाच्याही पडवीखाली शिरत. कोणी हाकलत नसे. बाजाराहून परतणारी बाई डोईवरचा भारा ओट्यावर टेकवून श्वास घेई. ओटा घरमालकाचा असे आणि सावली वाटसरूची. कोणत्याही दस्तऐवजात न लिहिलेला हा करार शेकडो वर्षे चालला. घराघराच्या पडव्या एका ओळीत असल्यामुळे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावर छप्पर आणि बाजूला उघडी दारे असत. रात्री परतणाऱ्या मुलीला त्या दारांचा आधार वाटे. जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी १९६१ साली अमेरिकेतल्या शहरांवर एक मोठे पुस्तक लिहून हेच सांगितले, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांमुळे. आमच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी ते पुस्तक वाचले नव्हते. ती मंडळी फक्त तिथे बसलेली असत.

आता नियमाकडे येऊ. नगररचनेच्या भाषेत एक शब्द आहे, सामासिक अंतर. म्हणजे आपल्याच जागेत पुढे, मागे आणि बाजूंना जी मोकळी जागा सोडावी लागते ती. हा विचार मुळात वाईट नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली तिथे शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला, आणि कोंदट चाळींत उजेड-वारा यावा म्हणून दोन इमारतींमध्ये अंतर ठेवण्याची सक्ती आली. ते औषध त्या रोगावर योग्यच होते. पण पुढे तेच औषध सगळ्या रोग्यांना एकाच मापाने पाजले गेले. कर्नाटकात १९६१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे, १९६४ चा नगरपालिका कायदा आहे. महाराष्ट्रात २०२० साली बहुतेक सगळ्या राज्याला लागू होणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. नदीच्या दोन्ही काठांवर कचेरीतला माणूस पट्टी घेऊन मोजतो ते हेच: रस्ता किती रुंद, पुढची जागा किती सोडली, चटई क्षेत्र किती, गाड्या किती उभ्या राहतील. घराने रस्त्याला कोणते तोंड दाखवावे, हा प्रश्न सामान्य घराच्या परवान्यात कोणी विचारत नाही.

आता हा नियम जुन्या गावठाणात काय करतो ते पाहा. जागा पंधरा-वीस फूट रुंद आणि बोळासारखी लांब. एका मालकाने घर पाडून नवे बांधले. तो नियमाप्रमाणे पाच फूट मागे गेला. शेजारचे जुने घर जिथल्या तिथे. त्याच्या पलीकडचा मालक वजन वापरून दोनच फूट मागे गेला. झाली गल्लीची कवळी पडकी. पुढच्या मोकळ्या जागेचे काय होते? तिथे झाड लागत नाही आणि बाकही येत नाही. तिथे पेव्हर ब्लॉक बसतात आणि गाडी उभी राहते. गाडी वर चढावी म्हणून उतार येतो. तो उतार मालकाच्या हद्दीत संपत नाही, गटारावरून रस्त्यावर उतरतो. प्रत्येकाच्या उताराची उंची वेगळी. दहा घरांपुढून चालायचे तर दहा वेळा चढ आणि दहा वेळा उतार. काठी टेकत चालणाऱ्याने काय करावे? तो डांबरावर उतरतो. नियमाने चालणाऱ्यासाठी जागा मोकळी केली असे कागद म्हणतो. प्रत्यक्षात ती जागा मोटारीला मिळाली आणि चालणारा मोटारीपुढे ढकलला गेला.

यात भर पडते डांबराची. रस्ता करताना जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, ही साधी रीत. आपल्याकडे थरावर थर चढतो. वीस-पंचवीस वर्षांत रस्ता उंच होतो, ओटा खाली जातो आणि पावसाचे पाणी सोप्यात शिरते. मग मालक घाबरून जोते चार फूट उचलतो, रस्ता पुन्हा वाढतो, आणि ही शर्यत चालूच राहते. ओटा मोडायला नेहमीच बुलडोझर लागतो असे नाही. डांबराचे चार थरही पुरतात.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने घर नव्याने बांधताना पुढे पडवी आणि ओटा ठेवायचा हट्ट धरला. आम्ही दोघे नकाशा घेऊन एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि समजुतीच्या सुरात सांगितले, ‘‘गुरुजी, ओटा दाखवू नका, पार्किंग दाखवा. पास होईल.’’ त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांच्यापुढच्या छापील तक्त्यात पार्किंगला रकाना होता आणि ओट्याला नव्हता. त्या गृहस्थांकडे त्या वेळी एक सायकल होती.

आता पाटीकडे परत चला, म्हणजे आपल्या राज्यकर्त्यांची तऱ्हा दिसेल. कर्नाटकाने २०२४ साली कायदा दुरुस्त करून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात असावे असे ठरवले. महाराष्ट्राने २०२२ साली कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली आणि देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे असे बजावले. म्हणजे अक्षराची उंची किती, पाटीचा कोणता भाग कोणत्या भाषेला, याचे टक्केवार माप काढण्याची ताकद दोन्ही सरकारांत आहे. खाजगी मालकाच्या दर्शनी भागावर नियम लावता येत नाही, हा बहाणा आता कोणीही करू नये. पाटी दर्शनी भागावरच असते. पाटीचे अक्षर मोजता येते, तर पाटीखालचे दार, पायरी आणि सावली का मोजता येत नाही? उत्तर कडू आहे. अक्षरावर मते मिळतात, पायरीवर मिळत नाहीत.

कोणी म्हणेल, ही कवीची हळहळ झाली. मग आकडे घ्या. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वदच्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पदपथांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांची मोकळी रुंदी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. सहा इंचांच्या वर पायरी गेली की म्हातारे माणूस चढत नाही, हे त्यांना कळले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले. हक्क मिळाला. तो ठेवायचा कुठे? आमच्या गल्लीत एका बाजूला पाच फूट उतार, दुसऱ्या बाजूला शटर आणि मध्ये ट्रॅक्टर.

यावर तोडगा नाही असे नाही. इटलीत बोलोन्या नावाचे शहर आहे. तिथल्या सत्तेने १२८८ साली फर्मान काढले, की रस्त्यालगतच्या घरांनी पुढे पडवी बांधलीच पाहिजे. घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल इतकी तिची उंची हवी. पडवीची जागा मालकाची, डागडुजीही त्याचीच. पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. बदल्यात पडवीच्या वर खोली काढायला मालक मोकळा. आज त्या शहरात अशा पडव्या ६२ किलोमीटर आहेत आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. आपण ज्याला अतिक्रमण म्हणून नोटीस देतो, त्याला जगाने वारसा म्हटले. परदेशाचे उदाहरण नको असेल, तर मुंबईला जा. फोर्टमधला हॉर्नबी रोड, आजचा दादाभाई नौरोजी रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे इमारतींना तळमजल्यावर सलग कमानींची वाट ठेवण्याची अट घातली गेली. वर प्रत्येकाची शैली निराळी, कोणाची गॉथिक, कोणाची पारशी धाटणीची. खाली मात्र चालणाऱ्याची वाट एक. आजही मुंबईच्या पावसात माणूस त्या कमानींखालून बराचसा कोरडा जातो. आमचे आजोबा ज्या मुंबई राज्यात राहत होते, त्याच राज्याच्या राजधानीत हे झाले होते. पुण्यात पालिकेने २०२१ च्या ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांना बंद करून पादचारी दिन पाळला. एक दिवसाने काही होत नाही हे खरे. पण त्या एका दिवसात रस्ता किती रुंद आहे हे लोकांनी पहिल्यांदा पाहिले.

आणि आमचे बेळगाव? २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट शहरांची पहिली वीस नावे जाहीर झाली, त्यांत पुणे, सोलापूर आणि बेळगावही होते. ती योजना २०२५ च्या मार्चमध्ये संपली. खडेबाजार किंवा गणपत गल्लीत सणाच्या तोंडावर लेकरू कडेवर घेऊन गेलेल्या कोणत्याही बाईला विचारा, तुझ्या पायांना काय मिळाले? तिचे उत्तर ऐकायला मला तरी धीर होत नाही.

आता आक्षेपांची झाडाझडती घेऊ. पहिला आक्षेप, जागा माझी, मी हवे ते करीन. मान्य, जागा तुमची. पण सामासिक अंतराच्या नावाखाली पाच फूट तुम्ही आजही सोडताच. मी जास्त काही मागत नाही. तेच पाच-सहा फूट वर छप्पर घालून आणि खाली सपाट ठेवून सोडा, आणि छपरावर खोली काढण्याची मुभा घ्या. तुमचा तोटा कुठे झाला? दुसरा आक्षेप, गाडी कुठे लावू? मागे लावा, परसात लावा; परस नसेल तर चार गल्ल्यांत मिळून पालिकेने एक मोकळे आवार द्यावे. प्रत्येक दुकानापुढे दोन गाड्या उभ्या राहिल्या म्हणजे गिऱ्हाईक वाढते हा भ्रम आहे. गाडीवरचे गिऱ्हाईक एका दुकानात जाते, पायी चालणारे दहा दुकाने पाहते. तिसरा आक्षेप, पुराचा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिला आहे, जोते उंच हवे. जरूर हवे. पण जोते उंच करायचे तर पायऱ्या आपल्या हद्दीत घ्या. रस्ता आणि उंच जोते यांच्यामधली पायरी म्हणजेच तर ओटा! आपल्या वाडवडिलांनी तो नदीला ओळखूनच बांधला होता.

चौथा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. पुष्कळ ओटे खरोखरच सरकारी जागेत सरकले, गटारावर चढले, आणि गटार तुंबले की सगळी गल्ली घाण सोसते. अशा ओट्यांची मी बाजू घेत नाही. पण सरकलेला ओटा आणि आपल्या हद्दीतला ओटा यांत फरक करायला डोळे लागतात. रुंदीकरणाच्या खुणांचा तांबडा रंग दोन्हींवर सारखाच फासला जातो. आणि रुंदीकरण होऊन रस्ता कोणाला मिळतो? पुढच्या वर्षी तिथे गाड्यांची दुसरी ओळ उभी राहते.

तेव्हा माझी मागणी मोघम नाही. नियमावलीत बाजारपेठेच्या आणि गावठाणाच्या गल्ल्यांसाठी वेगळे प्रकरण हवे. त्यात ‘कमीत कमी इतके मागे’ असे न म्हणता ‘सगळ्यांनी नेमके या रेषेवर’ असे म्हणा, म्हणजे गल्लीचे दात सरळ येतील. तळमजल्यावर सहा फुटांची सलग, सपाट, झाकलेली पडवी ठेवा. मालकी मालकाची, वाट लोकांची. ती चटई क्षेत्रात मोजू नका आणि तिच्यावर घरपट्टी लावू नका. गाडीचा उतार मालकाच्या हद्दीतच संपला पाहिजे. दर्शनी भागाचा निदान निम्मा भाग दारे-खिडक्यांचा हवा. शटर किंवा डोक्याएवढी कंपाउंडची भिंत म्हणजे रस्त्याला पाठ दाखवणे, ते चालणार नाही. आपल्या हद्दीत दीड-दोन फुटांचा ओटा बांधणाऱ्याला परवान्याच्या शुल्कात सूट द्या. नवे डांबर टाकण्याआधी जुने खरवडा. आणि पाटी? तिला छपराखाली एक पट्टी नेमून द्या. तिच्यावर कन्नड असो, मराठी असो, दोन्ही असोत, पण चालणाऱ्याच्या कपाळाला तिचा पत्रा लागू नये.

यात असे एकही कलम नाही की जे सीमेच्या अलीकडे चालेल आणि पलीकडे चालणार नाही. ओट्यासाठी मराठी माणसाने कन्नड शेजाऱ्याशी भांडण्याचे कारण नाही. उलट दोघांनी मिळून पालिकेच्या दारात जावे असे हे गेल्या कित्येक वर्षांतले पहिलेच काम आहे. त्याच्या जगलीवर आपली आजी बसली होती आणि आपल्या ओट्यावर त्याचा आजोबा, हे दोघांनाही आठवते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात पणत्या भिजत पडल्या असतील. पोरे किल्ल्यासाठी माती शोधत असतील, आणि किल्ला कुठे करायचा यावरून घरात वाद चालला असेल, कारण दारापुढे माती नाही, ओटा नाही, फक्त पेव्हर ब्लॉकचा उतार आहे. तुमच्यापैकी कोणाचे तरी घर येत्या वर्षात पाडून नवे होणार आहे. इंजिनिअर नकाशा घेऊन येईल. त्यावर सही करण्याआधी त्याला एकच विचारा, ‘‘यात माणूस बसणार कुठे आणि चालणार कुठून?’’ त्याला उत्तर देता आले नाही, तर नकाशा परत पाठवा. पालिकेने अडवले तर लेखी कारण मागा. दहा घरांनी असे दहा कागद मागितले की त्या छापील तक्त्यात ओट्यालाही एक रकाना काढावा लागेल.